यादीतून गेलेलं नाव

संगणक सुरू करण्याला 'बूट करणं' म्हणतात, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. पण हा बूट म्हणजे आपल्या पायातलाच बूट, हे फार जणांच्या ध्यानात येत नाही. घोट्याच्या वर जाणारे कातडी बूट ओढून चढवता यावेत म्हणून त्यांना वरच्या काठाशी एक छोटी पट्टी शिवलेली असते. तिला इंग्रजीत 'बूटस्ट्रॅप' म्हणतात. ही पट्टी धरून स्वतःच स्वतःला जमिनीवरून वर उचलायचं, ही तिकडची जुनी थट्टा. म्हणजे अशक्य गोष्ट, आपल्याच खांद्यावर आपण चढून बसण्यासारखी. संगणकवाल्यांनी हा शब्द उचलला, कारण त्यांच्यापुढचं कोडं नेमकं हेच होतं. यंत्राला काहीही वाचायचं, तर 'कसं वाचायचं' हे सांगणारी आज्ञावली आधी त्याच्या स्मृतीत हवी. आणि ती स्मृतीत यायची, तर यंत्राला आधी वाचता यायला हवं! मग पहिलं अक्षर गिरवून घेणार कोण?

सुरुवातीला मराठीत 'श्रीगणेशा' म्हणतात, आमच्या घरात 'बिस्मिल्ला' म्हणतात. यंत्राचाही असा एक श्रीगणेशा असतो. आज मला बोलायचं आहे ते त्याच्या इतिहासाबद्दल. त्यातही कंपनीनं ज्यांची नावं आपल्या यादीतून काढून टाकली, अशा जुन्या यंत्रांवर पेन ड्राइव्हच्या मदतीनं नवी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली, चढवण्याची जी खटपट जगभर चालते, तिच्याबद्दल. मी कला शाखेचा बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण यंत्राला पहिलं वाक्य कोण सांगतं, हा प्रश्न मला नुसता तांत्रिक वाटत नाही. पैसे कुणीही मोजलेले असोत. पहिलं वाक्य सांगण्याचा हक्क ज्याच्या हातात, यंत्र खरं त्याचं.

सुरुवातीला हा हक्क यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाकडे होता. १९७५ साली अमेरिकेत 'अल्टेर ८८००' नावाचा छोटा संगणक आला. त्याला ना पडदा होता, ना कळफलक. पुढच्या बाजूला खटक्यांची रांग आणि लुकलुकणारे दिवे, एवढंच. बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोन तरुणांनी त्याच्यासाठी 'बेसिक' ही संगणकभाषा तयार केली. ती कागदी फितीवर भोकं पाडून घेतली आणि ॲलन ती फीत घेऊन विमानानं अल्बुकर्कीला निघाले. विमान उतरायला आलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की ही फीत वाचायला यंत्राला सांगणारं प्रास्ताविक आपण लिहिलेलंच नाही. त्यांनी ते तिथंच, विमानात बसून कागदावर लिहून काढलं. कंपनीत पोचल्यावर एकेक खटका वरखाली करत ते यंत्राच्या स्मृतीत घातलं. फीत वाचून झाली आणि यंत्रानं विचारलं, 'स्मृती किती?' पुढं ॲलननी दोन अधिक दोनची बेरीज विचारली. उत्तर आलं, चार. बोटांनी भरवलेल्या त्या चार ओळी नसत्या, तर ती फीत म्हणजे भोकं पडलेली रद्दी होती.

पुढं हे प्रास्ताविक यंत्राच्या पोटातच कोरलं जाऊ लागलं. १९८१ साली आयबीएमचा 'पीसी' आला, त्यात ते 'बायोस' नावाच्या चिपमध्ये होतं. आपण बटण दाबायचं, बायोस जागं होणार, फ्लॉपीचा पहिला तुकडा वाचणार आणि पुढचा कारभार त्याच्या हाती सोपवून बाजूला होणार. हा पहिला तुकडा फक्त ५१२ बाइटचा असे. देवनागरीतलं एक चिन्ह आज साधारणपणे तीन बाइट जागा घेतं. म्हणजे ५१२ बाइटमध्ये जेमतेम १७० चिन्हं मावतील, एखाद्या लहानशा अभंगाएवढी. एवढ्या जागेत यंत्राचा सगळा श्रीगणेशा बसवायचा! कवीला हेवा वाटावा अशी ही काटकसर.

फ्लॉपीनंतर सीडी आली. सीडीवरून यंत्र कसं सुरू व्हावं याचे नियम १९९५ साली फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी ठरवले. त्या नियमांचं नाव 'एल टोरिटो'. ज्या रेस्तराँच्या टेबलावर ही चर्चा झाली, त्याचंच नाव दिलं असं सांगतात. १९९६ साली यूएसबी आली. ती घडवणाऱ्या इंटेलच्या चमूचे एक प्रमुख अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. त्यानंतर २००० साली पेन ड्राइव्ह बाजारात आला. सुरुवातीला त्यात आठ मेगाबाइट मावायचे. आज मोबाइलवर काढलेले दोन-तीन फोटो मावतील, तेवढेच. त्याचा जनक कोण, यावर अजून एकमत नाही. पण पुढच्या काही वर्षांत यंत्रं या बोटभर काडीवरूनही सुरू होऊ लागली आणि पहिलं वाक्य सांगण्याची सोय सामान्य माणसाच्या शर्टाच्या खिशात येऊन बसली.

मंडळी, माझा या विषयाशी संबंध आला तो एका जुन्या लॅपटॉपमुळे. त्यावर मी कविता टंकतो, मुशायऱ्यांची पत्रं लिहितो. एके दिवशी काही संकेतस्थळं उघडेनात. ब्राउझर जुना आहे म्हणाली. ब्राउझर नवा घ्यायला गेलो तर ऑपरेटिंग सिस्टिम जुनी निघाली. ती नवी घ्यायची तर हे यंत्र यादीत नाही. कळफलक चालत होता, पडदा स्वच्छ होता. दुरुस्तीच्या दुकानात विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "चाचा, आता नवीनच घ्या." भाच्यानं मात्र यंत्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "मामू, मशीन मेलेलं नाही. फक्त यादीतून नाव गेलंय." पेन ड्राइव्हवर लिनक्स घेऊन त्यानं तासाभरात ते चालू करून दिलं. त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मतदारयादीतून नाव गळालं म्हणून माणूस मेलेला नसतो, हे आपल्याकडं वेगळं सांगायला नको. मग यंत्रांच्या या याद्या कोण करतं, कशासाठी करतं आणि यादीबाहेरच्यांचं पुढं काय होतं, हे मी शोधू लागलो.

या शोधात मला सर्वांत बोलका वाटला तो ॲपलच्या मॅक संगणकांचा इतिहास. इथं यंत्रही ॲपलचं आणि ऑपरेटिंग सिस्टिमही ॲपलचीच. त्यामुळं यादी करणारा हात एकच.

'मॅक ओएस टेन' ही नवी सिस्टिम २००१ च्या मार्चमध्ये आली, तेव्हाच 'जी-थ्री' चिपच्या आधीची यंत्रं यादीबाहेर राहिली. लगेच 'एक्सपोस्टफॅक्टो' नावाची एक आज्ञावली निघाली आणि त्यातल्या अनेक जुन्या यंत्रांवर नवी सिस्टिम चालू लागली. २००७ साली 'लेपर्ड' आली. तिची अट होती, चिपचा वेग किमान ८६७ मेगाहर्ट्झ हवा. ज्यांचा वेग थोडा कमी होता त्यांनी काय करावं? एका छोट्या आज्ञावलीनं यंत्राच्या मूळ चिपलाच सांगून ठेवलं, की तुझा वेग ८६७ आहे. सिस्टिमनं विचारलं, यंत्रानं ८६७ सांगितलं, दार उघडलं! दाखल्यावर वय वाढवून पोराला पहिलीत घालणारे गुरुजी मला आठवले.

पण अशा युक्तीलाही मर्यादा असते, हे दोनच वर्षांत दिसलं. ॲपलनं २००५ साली पॉवरपीसी चिप सोडून इंटेलची चिप घ्यायचं जाहीर केलं. २००९ च्या ऑगस्टमध्ये आलेली 'स्नो लेपर्ड' फक्त इंटेलच्या भाषेत लिहिलेली होती. पॉवरपीसीचा 'पॉवर मॅक जी-फाइव्ह' २००६ च्या ऑगस्टपर्यंत विकला जात होता. म्हणजे अवघ्या तीन वर्षांपूर्वी घेतलेलं महागडं यंत्रही बाहेर. इथं कुठलीच थाप चालणार नव्हती. आतला मजकूरच परक्या भाषेतला होता. यंत्र यादीबाहेर जाण्याचे असे दोन प्रकार आहेत. एकात दारवान अडवतो, दुसऱ्यात घरातली बोलीच बदललेली असते. दारवानाला चुकवता येतं, बोलीला नाही.

२०१२ साली एक मधलाच पेच पडला. २००६ आणि २००७ चे 'मॅक प्रो' हे दणकट संगणक. त्यांची मुख्य चिप ६४ बिटांची, पण सुरुवात करून देणारी आज्ञावली ३२ बिटांची. त्या वर्षीची 'माउंटन लायन' पूर्ण ६४ बिटांची होती. म्हणजे गायक तयार, श्रोते तयार, पण सूत्रसंचालकाला त्यांची भाषा येत नाही. हौशी मंडळींनी या दोघांच्या मध्ये उभा राहणारा एक दुभाषी लिहिला. पुढची काही वर्षं ती यंत्रं त्याच्या आधारानं चालली.

गंमत म्हणजे पेन ड्राइव्हवरून सिस्टिम देण्याची वाट खुद्द ॲपलनंही वापरली होती. २०१० च्या 'मॅकबुक एअर'ला सीडी घालायला जागाच नव्हती, म्हणून सोबत छोटी यूएसबी काडी दिली जायची. २०११ ची 'लायन'ही, इंटरनेटवरून उतरवून घेणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी, ६९ डॉलरला काडीवर विकली गेली. २०१३ पासून तर अशी काडी घरच्या घरी तयार करण्याची आज्ञा सिस्टिमच्या इन्स्टॉलरमध्येच मिळू लागली. हौशी मंडळींनी कंपनीनं बांधलेलाच रस्ता वापरला; फक्त तो यादीबाहेरच्या घरापर्यंत नेला.

२०१६ च्या 'सिएरा'पासून २०१९ च्या 'कॅटालिना'पर्यंत हे काम 'डॉसड्यूड-वन' या टोपणनावाच्या तरुणानं केलं. त्याच्या आज्ञावल्या काडीवरच्या इन्स्टॉलरमधली यादी बदलायच्या आणि काढून टाकलेले जुने ड्रायव्हर, म्हणजे यंत्राच्या एकेका अवयवाशी बोलणारे तुकडे, परत आणून बसवायच्या. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये 'बिग सर' आली आणि चित्र बदललं. आता सिस्टिमच्या सगळ्या फायलींवर ॲपलचं डिजिटल सील होतं. आत कुणी काना-मात्रा बदलली, तरी यंत्राला कळणार. सुरक्षेच्या दृष्टीनं ही चांगलीच गोष्ट. पण त्याच यादीनं १३ इंची 'मॅकबुक प्रो'चं २०१२ चं मॉडेलही बाहेर काढलं. हे मॉडेल २०१६ च्या ऑक्टोबरपर्यंत नवं म्हणून विकलं जात होतं. कुणी त्या महिन्यात ते घेतलं असेल, तर चार वर्षांत त्याच्या यंत्राचं नाव यादीतून गेलं.

यावर २०२१ साली स्वयंसेवकांनी 'ओपनकोअर लेगसी पॅचर' काढलं. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. पेन ड्राइव्ह साधारण १६ किंवा ३२ गिगाबाइटचा घ्यायचा; त्यावरचं सगळं पुसलं जातं, म्हणून जपून. त्याचे दोन भाग होतात. मोठ्या भागात ॲपलचा अस्सल इन्स्टॉलर, छोट्या भागात 'ओपनकोअर' नावाचा सूत्रसंचालक. यंत्र सुरू करताना 'ऑप्शन' ही कळ दाबून धरायची आणि आधी ओपनकोअरला जागं करायचं. तो सिस्टिमला यंत्राची ओळख स्वतःच्या शब्दांत करून देतो. कधी यादीतल्या एखाद्या यंत्राचं नाव पुढं करतो, तर कधी सांगतो, की हे खरं यंत्रच नाही, दुसऱ्या यंत्राच्या पोटात चालणारं काल्पनिक यंत्र आहे, त्याला यादी लावू नका. सिस्टिम चढली की हाच सूत्रसंचालक काडीवरून यंत्राच्या डिस्कवर नेऊन ठेवतात, म्हणजे काडी काढली तरी चालतं. नंतर जुन्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर बसवतात. तेव्हा मात्र सील तोडावं लागतं.

या साऱ्या खटपटीतली सगळ्यात मजेदार गोष्ट २०२२ ची. त्या वर्षीच्या 'व्हेंचुरा'ला 'एव्हीएक्स-टू' नावाच्या आज्ञा समजणारी चिप लागत होती. इंटेलच्या चिपमध्ये या आज्ञा २०१३ साली आल्या. त्याआधीची यंत्रं बाद. म्हणजे पुन्हा बोलीचाच प्रश्न! पण एव्हाना ॲपलची स्वतःची 'एम-वन' चिप आली होती आणि तिच्यावर इंटेलचे जुने प्रोग्राम चालवायला 'रोझेटा' नावाचा भाषांतरकार होता. या भाषांतरकारालाही एव्हीएक्स-टू येत नव्हतं. म्हणून ॲपलनं त्याच्यासाठी या आज्ञा वगळलेली एक वेगळी प्रत तयार ठेवली होती. स्वयंसेवकांनी नव्या यंत्रांसाठी केलेली ती प्रत उचलली आणि जुन्या यंत्रांना दिली. नातवासाठी मऊ शिजवलेला भात दात पडलेल्या आजोबांच्याही कामी यावा, तसं झालं.

या गोष्टीत मला कुणाला खलनायक करायचं नाही. दरवर्षीची सिस्टिम पंधरा वर्षांच्या प्रत्येक मॉडेलवर तपासून पाहायला माणसं लागतात, पैसा लागतो. यादी कुठंतरी संपणारच. आणि या युक्त्यांची किंमतही मोजावी लागते. सील तुटलं की सुरक्षेची एक भिंत पडते. छोटासा बदल आला तरी सिस्टिम पूर्ण उतरवून घ्यावी लागते आणि ड्रायव्हर पुन्हा बसवावे लागतात. पैशाचे व्यवहार जिथं चालतात, अशा यंत्रावर हे करण्याआधी दहा वेळा विचार करावा. आधी आपल्या सगळ्या फायलींची प्रत दुसरीकडं काढून ठेवावी. आणि पॅचर असो वा इन्स्टॉलर, तो मूळ ठिकाणाहूनच उतरवून घ्यावा. कुणीतरी दिलेली काडी लावणं म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती घराची किल्ली देणं.

विंडोजच्या दुनियेतही तेच नाटक झालं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये 'विंडोज ११' आली. तिला 'टीपीएम २.०' ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतली चिप हवी होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'चा नियमित आधार संपला. 'रूफस' नावाच्या, २०११ पासून फुकट मिळणाऱ्या छोट्या आज्ञावलीनं काडी तयार करतानाच टीपीएमची अट काढून टाकण्याची सोय दिली. लिनक्सवाले तरी सगळ्यांना कायम सांभाळतात का? तर तेही नाही. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्‌सनं लिनक्स लिहिलं ते इंटेलच्या ३८६ चिपवर. २०१२ च्या डिसेंबरमध्ये लिनक्सनं त्याच ३८६ चा आधार काढून घेतला. म्हणजे जन्मगावाचंच नाव नकाशावरून पुसलं. फरक एवढाच, की जुन्या लिनक्सची वही सगळ्यांसाठी उघडी आहे. ज्याला हवं त्यानं ती पुढं लिहावी.

या इतिहासाचं एक प्रकरण आता मिटत आलं आहे. २०२५ च्या जूनमध्ये ॲपलनं जाहीर केलं, की त्या वर्षाची सिस्टिम ही इंटेलच्या मॅकसाठी शेवटची. सप्टेंबरमध्ये ती बाहेर पडली. कॅलिफोर्नियाच्या सीमेवरच्या एका सरोवराचं नाव तिला दिलं आहे, आणि ते नाव आहे 'टाहो'. मराठी कानाला याहून वेगळं नाव सुचलं नसतं! त्यापुढच्या मजकुरात इंटेलची बोली असणार नाही. तिथं दारवानाला चुकवून भागणार नाही. ॲपलच्या नव्या चिपवर मात्र परक्या सिस्टिमसाठी थोडी फट ठेवलेली आहे. तिथं लिनक्स चालवणाऱ्या मंडळींच्या प्रकल्पाचं जपानी नाव 'असाही'. मी ते मराठीतच वाचतो. यंत्राचा उपयोग असाही आणि तसाही.

आपल्या देशात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जुन्या यंत्रांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली, हे योग्यच झालं. पण यंत्र भंगारात गेल्यावर काय करायचं, याचा हा विचार आहे. ते भंगार झालं, हे ठरवायचं कुणी? ज्याचं नाव कंपनीच्या यादीतून गेलं ते भंगार, की ज्याचा पडदा, कळफलक आणि चिप खरोखर थकली ते भंगार? या दोन तारखांमध्ये पाच-सात वर्षांचं अंतर असू शकतं. तेवढ्यात एक मूल पहिलीतून सातवीत जातं.

कंपन्यांनी सगळ्यांना जन्मभर पोसावं, असं माझं म्हणणं नाही. पण आधार काढून घेताना त्यांनी निदान पहिलं वाक्य सांगायचा हक्क मालकाकडं परत द्यावा. जुन्या ड्रायव्हरची माहिती खुली करावी, दाराची किल्ली ठेवून जावं. अल्टेरच्या खटक्यांपुढं उभ्या असलेल्या माणसाकडं तो हक्क होता. पन्नास वर्षांत तो चिपमध्ये गेला, सीलबंद झाला, याद्यांमध्ये अडकला. आणि काही हौशी माणसांनी बोटभर काडीवरून तो पुन्हा लोकांच्या हाती आणून ठेवला. तुमच्या माळ्यावर, कपाटात एखादं यंत्र धूळ खात पडलं असेल, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ते एकदा सुरू करून पाहा. दिवा लागला, तर समजा त्याला अजून ऐकू येतं. पहिलं वाक्य सांगणारं कुणीतरी तेवढं हवं.